नागव्वाचे आठ

“आठच झाले,” नागव्वा म्हणाली. “कुणी उतरायचं न्हाय.”

विहिरीपासून शंभर पावलांवरच्या बाभळीखाली ती लुगड्याच्या ओट्यात नऊ खडे घेऊन बसली होती. सुरुंगाचा एक बार फुटला की एक खडा ओट्यातून काढून बाजूला टाकायचा, ही तिची रीत. ओटा रिकामा झाला की ती हात वर करायची आणि मग माणसं विहिरीत उतरायची. त्या दिवशी तिम्मानं, म्हणजे तिच्या लेकानं, नऊ भोकं भरली होती आणि नऊ वातींना बत्ती दिली होती. धूर निवळला तरी म्हातारीच्या ओट्यात एक खडा उरला होता.

खडा उरला, की नियम ठरलेला. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत विहिरीकडं फिरकायचं नाही. सकाळी तिम्मानं एकट्यानं उतरायचं, न फुटलेलं भोक हुडकायचं, त्यात आधी पाणी ओतायचं आणि मगच पहारीला हात लावायचा. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. नागव्वाचा नवरा एका विहिरीत असाच गेला होता आणि तेव्हापासून मोजायचं काम तिनं दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं.

पण आमची लोणखडी तहानेनं पिसाळलेली होती. दर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा आणि बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. ही गावविहीर म्हणजे गावाचा जीव होता, आणि त्याच महिन्यात दोनदा म्हातारीचा खडा उरला होता. दोन्ही वेळा अख्खा दिवस वाया घालवून तिम्मा उतरला, तर खाली सगळी भोकं फुटलेली. दोन बार एकदम उडाले होते आणि म्हातारीनं ते एकच धरले होते. जोडबार म्हणतात त्याला. तेव्हापासून गावात एक चेष्टा सुरू झाली होती, की म्हातारीला आठाच्या पुढं येत नाही.

मी तिथंच होतो. बाभळीच्या आणि विहिरीच्या मधे, गर्दीत अगदी पुढं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण कोण कुठं उभं होतं याची पुढं फार उलथापालथ होणार आहे. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, लोणखडीच्या शाळेत मास्तर. दीडशे माणूस जमलं होतं. म्हातारीचं ‘आठ’ ऐकून सगळ्यांचा चेहरा पडला. आणि मग गर्दीतून कुणीतरी स्पष्ट आवाजात म्हणालं, “नऊ झाले. पाचवा जोडबार होता. आवाज जाड नव्हता का आला?”

तो आवाज कुणाचा, ते येईलच. पण बुडत्याला काडी मिळावी तसं ते वाक्य गावानं धरलं. होय, पाचवा जाडच होता. मला तर वाटलंच. मी तर दोन सुटे ऐकले. बघता बघता दीडशे माणसांनी नऊ मोजले होते.

सरपंच बाजीराव अण्णांनी तिम्माला उतरायला सांगितलं. तिम्मानं आईकडं पाहिलं आणि तो मुकाट्यानं खाली बसला. अण्णांचा पारा चढला. ते म्हणाले, वडारांना भीती वाटत असेल तर त्यांनी बांगड्या भराव्यात, आमची पोरं मेली नाहीत अजून. तेवढ्यात सदाशिव तात्या गलांड्यांनी आपल्या लेकाच्या पाठीवर थाप मारली. “अंकुश, उतर रं. दाव जरा ह्यांना.”

अंकुश बावीस वर्षांचा, तालमीतला गडी, हसरा. सगळ्या गावाचा लाडका होता आणि मलाही तो आवडायचा. तो पहार घेऊन निघाला तेव्हा नागव्वा उठून दोराच्या आडवी गेली आणि तिनं त्याचा सदरा धरला. त्यानं हळूच तिची बोटं सोडवली.

“म्हातारे,” तो म्हणाला, “तुला आठाच्या पुढं येतं का?”

लोक हसले. मीही हसलो. तो दोराला धरून खाली गेला, वर बघून त्यानं एकदा हात केला, मग पहारीचे दोन टोले ऐकू आले.

नववा बार फुटला तो मात्र सगळ्यांनी नीट मोजला.

त्या रात्रीबद्दल मी बोलणार नाही. सदाशिव तात्यांच्या बायकोचं रडणं गावाच्या ह्या टोकाला ऐकू येत होतं, एवढं पुरे. मला सांगायचंय ते पुढच्या पंधरा दिवसांचं. त्या पंधरा दिवसांत मी गाव नावाचा प्राणी जवळून पाहिला आणि त्याच्याबद्दलची माया माझ्या मनातून जी गेली ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले आणि तिम्माला घेऊन गेले, कारण सुरुंग त्यानं भरले होते आणि परवाना त्याच्या नावावर होता. मागं राहिल्या नागव्वा आणि तिची पोटुशी सून. गिरणीवाल्यानं त्यांचं दळण परत केलं. टँकरपाशी त्यांची घागर कुणीतरी लाथेनं उडवली. त्यांची दोन गाढवं सोडून हाकलून दिली, ती शेवटपर्यंत सापडली नाहीत. पालावर दगड पडले. आणि हे कुणी गुंड करत नव्हते. मुलांना शाळेत सोडायला येणारी, मला ‘गुरुजी, च्या घ्या’ म्हणणारी हीच माणसं ते करत होती.

मग अण्णा माझ्याकडं आले. तहसीलदारांची चौकशी लागणार होती आणि गावाच्या सह्यांचं एक निवेदन द्यायचं होतं. माझं अक्षर चांगलं, तेव्हा मी ते लिहावं. “सगळ्यांस्नी इचारा,” अण्णा म्हणाले, “आन् कोण काय म्हणतंय ते एका जागी आणा. गाव एका तोंडानं बोललं पायजे.”

मी वही घेऊन घरोघर फिरलो. पहिल्या दिवशी सगळे विहिरीच्या काठावर होते. प्रत्येकाला अंकुशचा शेवटचा चेहरा दिसला होता, प्रत्येकानं त्याला शेवटची हाक मारली होती. गिरणीवाला म्हणाला, दोर माझ्याच हातात होता गुरुजी, हाताला हिसका बसला. आणि त्यानं मला तळहात दाखवले. मरणाशी जवळीक सांगायला माणसाला आवडतं, जोवर त्याची किंमत पडत नाही तोवर.

चौथ्या दिवशी बातमी आली की साहेब प्रत्येकाला विचारणार, तुम्ही तिथं होता तर पोराला अडवलं का नाही. झालं. गाव काठावरून मागं सरकायला लागलं. गिरणीवाला आधी दगड वर ओढायच्या यारीपाशी गेला, मग बाभळीमागं गेला, आणि आठवड्याच्या शेवटी तो गिरणीतच होता, पट्टा तुटला होता, हवं तर पट्टा दाखवतो म्हणाला. देवळातला गुरव देवळात परतला. काठावर सगळ्यांच्या पुढं उभं राहून ओरडणारा एक जण तर त्या दिवशी थेट म्हसवडला पाहुण्यांकडं जाऊन बसला. मी वहीत आदल्या ओळी खोडायचो आणि नव्या लिहायचो. दहाव्या दिवशी माझ्या वहीप्रमाणं विहिरीवर फक्त तीन माणसं होती, मेलेला अंकुश, कोठडीतला तिम्मा आणि म्हातारी नागव्वा.

माणसं सरकली तशी म्हातारीही सरकली, म्हणजे त्यांच्या गोष्टीतली म्हातारी. आधी ती ‘आठ’ म्हणाली होती. मग ती काहीतरी पुटपुटली, नीट ऐकू आलं नाही. मग तिनं हात वर केला. शेवटी शेवटी तिनं स्वतः ‘नऊ झाले, उतरा’ म्हटलं आणि अंकुश नको नको म्हणत असताना त्याला उतरवलं. हे मला सांगणारी बाई डोळ्यांत पाणी आणून सांगत होती आणि, देवाशपथ, तिला ते खरं वाटत होतं. खोटं बोलणाऱ्याला एक वेळ धरता येतं. ज्यानं आपलं खोटं आधी स्वतःला पटवलंय त्याला कुठं धरणार?

मी मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालत होतो आणि हातानं सुबक अक्षरात लिहीत होतो. ‘आम्ही गावकरी प्रत्यक्ष हजर नव्हतो. तथापि बार मोजणाऱ्या बाईने सर्व बार फुटल्याचे सांगितल्यावरून...’ अशी त्या कागदाची सुरुवात. गाव करी ते राव न करी, म्हणतात ते खरंच आहे. आमच्या गावानं दीडशे माणसं विहिरीच्या काठावरून पुसून टाकली.

चौकशीच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत नागव्वा शाळेत आली. पोरांनी तिला पाहून ‘आठ, आठ’ करून गिल्ला केला, तो मी थांबवला. ती वर्गात आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

“गुरुजी, गावाचा कागद तुमी लिवताय म्हनं.”

मी म्हणालो, लोक सांगतात ते लिहितो.

“मला दुसरं काय नगं. म्हातारी आठ म्हनली, येवढंच लिवा. न्हायतर माझा तिम्मा सुटत न्हाय. सुनंचं दीस भरत आल्यात.”

“बघतो,” मी म्हणालो.

“तुमी तितं हुता,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. उन्हाला ऊन म्हणावं तसं ती म्हणाली आणि गेली.

मला तिचा संताप आला. खरंच आला. सगळं गाव हळूहळू मागं सरकत असताना ही एकटी बाई प्रत्येकाला त्याच्या जागेवर उभं करत होती. त्या संध्याकाळी मी निवेदन पक्कं लिहून काढलं. ‘आठ’ हा शब्द त्यात कुठंही नव्हता.

चौकशी शाळेच्याच मोठ्या वर्गात झाली. बाकं भिंतीला सारून साहेबांना माझी खुर्ची दिली. गाव दाटीवाटीनं बसलं होतं, दारात, खिडक्यांत. तिम्माला दोन शिपायांनी आणून कोपऱ्यात बसवलं होतं. तो आईकडं बघत नव्हता. निवेदन मीच वाचून दाखवलं. साहेबांनी माझ्या भाषेचं कौतुक केलं.

मग त्यांनी सदाशिव तात्यांना विचारलं, तुम्ही कुठं होता. तात्या वाळून अर्धे झाले होते. म्हणाले, रानात होतो. मुलाला उतरायला कुणी सांगितलं? तात्या जमिनीकडं बघत म्हणाले, म्हातारीनं. ते ऐकून मला त्यांचा राग नाही आला. त्यांच्यापुढं दोनच वाटा होत्या आणि दुसऱ्या वाटेवर त्यांचा स्वतःचा हात होता, पोराच्या पाठीवर थाप मारणारा.

शेवटी नागव्वाला पुढं बोलावलं. तिनं सगळं जसं घडलं तसं सांगितलं, ओटा, खडे, जोडबार, सदरा धरला तेसुद्धा. मधूनमधून मागून हुर्यो व्हायची. साहेब कंटाळले होते.

“तू आठ म्हणालीस. मग नऊ कोण म्हणालं?”

“गुरुजी,” नागव्वा म्हणाली. “पयले गुरुजी म्हनले. मंग समदे म्हनले.”

होय. तो आवाज माझा होता. पाढे म्हणून घेणारा, स्पष्ट आवाज. मी खोटं बोललो नव्हतो, एवढं मला आजही म्हणावंसं वाटतं. पाचवा बार मला खरंच जाड वाटला होता. आदल्या दोन खेपांना जोडबार निघाले होते, मग हाही तसाच असणार, हे गणित मी मनात केलं आणि मला त्याची घमेंड वाटली. एक निरक्षर बाई खड्यांवर मोजते आणि गणिताचा मास्तर गप्प उभा राहतो, हे मला सोसवेना. एवढ्यासाठी मी नऊ म्हणालो. लोकांनी म्हातारीचा सोडून माझा आकडा धरला, कारण तो गुरुजींचा होता.

वर्गातलं सगळं गाव माझ्याकडं वळलं. मला वाटलं, आता गाव मला वाऱ्यावर सोडणार. मी काय, बाहेरगावचा माणूस.

मी गावाला ओळखलं नव्हतं. “गुरुजी तर साळंत हुते,” गिरणीवाला म्हणाला. गिरणीत बसून त्याला मी शाळेत दिसलो होतो. गुरवानं देवळातून मला फळ्यावर लिहिताना पाहिलं होतं. म्हसवडला गेलेला गडीही उठून म्हणाला, जाताना गुरुजींचा आवाज ऐकला, कविता शिकवत होते. शेवटी सदाशिव तात्या उठले. ज्याचा पोर गेला त्याचा शब्द कोण मोडणार? ते साहेबांकडं न बघता म्हणाले, “गुरुजी साळंत हुते. ही बया बामनासारख्या मानसावर आळ घेतीया.”

मी ब्राह्मण नव्हतो. पण तेवढी चूक कुणी काढली नाही. त्यांचं माझ्यावर प्रेम होतं म्हणून हे चाललं नव्हतं. मी पडलो की कागद पडला असता, आणि कागद पडला की दीडशे माणसं पुन्हा काठावर येऊन उभी राहिली असती. साहेब शेजारच्या कारकुनाला म्हणाले, लिहा, शिक्षक शाळेत अध्यापन करीत होते.

कारकुनानं टाक उचलला. आणि नागव्वा म्हणाली,

“साहेब, साळा आयतवारी भरती व्हय?”

साहेबांनी कागदावरची तारीख पाहिली, मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. तारखेचा आकडा लाल होता. त्यांनी दोनदा पाहिलं. खिडकीतली माणसं आत डोकवायची थांबली. पंधरा दिवस अख्खं गाव खपून खपून गोष्ट रचत होतं आणि वार बघायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. विहिरीवर दीडशे माणूस जमलं होतं तेच मुळी सुट्टीचा दिवस म्हणून.

“गुरुजी,” साहेब म्हणाले, “रविवार होता?”

सगळं माझ्यावर आलं. मी फक्त होय म्हणायचं होतं. एक अक्षर जास्त बोलायची गरज नव्हती. नागव्वा माझ्याकडं बघत होती, आणि प्रथमच तिम्मानं मान वर केली होती. तोवर माझ्याबद्दल जे खोटं होतं ते इतरांनी बोललेलं होतं. मी फक्त गप्प होतो आणि गप्प राहणं हे खोटं नव्हे, अशी मी मनाची समजूत काढून ठेवली होती.

“होय साहेब,” मी म्हणालो. “चौथीच्या स्कॉलरशिपचे जादा तास घेत होतो.”

किती चटकन सुचलं. किती नीटनेटकं होतं ते. कुणी शिकवलं नव्हतं, गावातल्या एकाही माणसाला इतकं चांगलं सुचलं नसतं. साहेबांचा चेहरा मोकळा झाला. ते म्हणाले, असे शिक्षक आता राहिले नाहीत. कारकून लिहायला लागला. मागच्या बाजूला कुणीतरी श्वास सोडला आणि मग सगळेच बोलायला लागले.

नागव्वानं लेकाकडं पाहिलं आणि ती खाली बसली.

पुढं कोर्टात तिम्माला दीड वर्षाची शिक्षा झाली, परवाना गेला. त्याची बायको गावकुसाबाहेर बाळंत झाली तेव्हा गावातली एकही बाई गेली नाही. चौथ्या दिवशी सासू-सून बाळाला घेऊन निघून गेल्या, कुठं ते मी विचारलं नाही. विहिरीचं पुढचं काम दुसऱ्यांनी केलं. पाणी लागलं, चांगलं गोडं लागलं. मी आणखी अकरा वर्षं त्या गावात होतो आणि माझ्याइतका मान तिथं कुणाला नव्हता. माझी बदली निघाली तेव्हा ती रद्द करायला हेच लोक जिल्ह्याला गेले होते.

पण ते पुढचं. त्या दिवशी चौकशी संपून साहेबांची जीप गेली, तेव्हा मी वर्गात एकटाच राहिलो होतो. बाकं पुन्हा ओळीत लावत होतो. दारात सावली पडली म्हणून पाहिलं तर सदाशिव तात्या. मला वाटलं, आभार मानायला आले असतील, किंवा मी त्यांचे मानावेत म्हणून. ते आत आले आणि पोरांच्या बाकावर अवघडून बसले. बाहेर कुणी नाही हे त्यांनी वळून पाहिलं आणि मग अगदी खालच्या आवाजात विचारलं,

“गुरुजी, एक सांगा मला. कुनाला सांगनार न्हाय मी. पाचवा खरंच जाड आला हुता का वो? म्या त्येवढ्यावर पोराला म्हनलो, उतर.”

त्यांचे डोळे माझ्यावर होते. त्यांना एक शब्द हवा होता, आणि तो देऊ शकणारा जगात मी एकटाच होतो. होय तात्या, मलाही तसंच वाटलं होतं, तुम्ही एकटे चुकला नाहीत. एवढंच.

मी हातातलं बाक जागेवर ठेवलं.

“मला कसं ठाऊक असणार, तात्या?” मी म्हणालो. “मी तर शाळेत होतो.”